तोफ न लागलेला बुरूज

आमच्या गावच्या बुरुजाला तोफ कधीच लागली नव्हती, हे मी आता बिनदिक्कत लिहू शकते. खंडूनाना जाऊन खूप वर्षं झाली, माय गेली त्यालाही बरेच पावसाळे लोटले, आणि गावातल्या नव्या पोरांना बुरूज कशाशी खातात तेच ठाऊक नाही. पण मी नववीत असताना हे वाक्य गावात मोठ्याने म्हणणं म्हणजे देवाला नावं ठेवण्यासारखं होतं. मी ते म्हटलं. माझ्या हट्टीपणाच्या ज्या गोष्टी माहेरी अजून सांगतात त्यांत हिचा पहिला नंबर लागतो, आणि नेमकी हीच गोष्ट ते चुकीची सांगतात. म्हणून एकदाची लिहून ठेवते.

आमचं गाव गोदावरीच्या अलीकडच्या काठावर. बाजाराला कुंभार पिंपळगाव, देवाला जांब, आणि सोयरीक बहुतेक पल्याडच्या काठाची. नदीला आमच्याजवळ उतार होता, म्हणजे उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून बैलगाडी पलीकडे जायची. त्या उतारावर नजर ठेवून बुरूज उभा होता. पल्याडून कोण येतं, घोडी किती, माणसं किती, हे बघायला पूर्वी त्याच्यावर राखणदार बसायचा आणि काही वेगळं दिसलं की ओल्या गवताचा धूर करून आतल्या गावांना खूण द्यायचा. बांधला कुणी, ते कुणालाच सांगता येत नसे. "बादशाच्या वक्ताचा हाय" एवढ्यावर विषय संपायचा. खाली दोन पुरुष उंचीपर्यंत काळा दगड आणि वर पांढऱ्या मातीचा जाडजूड गोल, त्याच्यावर घाणेरीची झुडपं. नदीच्या अंगाचे दगड मात्र कधीचेच निघून गेले होते आणि तिथे आत मातीत भली मोठी कपार झाली होती. कपारीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक गोल दगड होता. तोच तो तोफेचा गोळा. गाव त्याला गोळोबा म्हणायचं. नवरा-नवरी वेशीत आले की आधी मारुती आणि मग गोळोबा, अशी रीत होती, आणि पाया पडणाऱ्याला तोफेची हकिगत ऐकावीच लागे.

हकिगत सांगायचा मान खंडूनानांचा. नाना तरुणपणी नावाजलेले पहिलवान होते. माझ्या वेळी त्यांची सत्तरी उलटली होती, पण मान अजून तशीच जाड आणि कान कुस्तीत चेचलेले. धोतराचा सोगा हातात धरून ते पल्याडच्या टेकाडाकडे बोट करायचे. "तिथून डागली तोफ. गोळा आला सूं करत आन् बराबर हितं बसला. भोसकं पडलं, पन बुरूज? बिलकुल हालला न्हाई!" मग ते त्या मातीवर पंजाने थाप मारायचे. पाहुणे माना डोलवायचे आणि आम्हाला उगीचच आपण शूर आहोत असं वाटायचं.

आता आमच्या घराविषयी. आमचं घर माळवदाचं होतं, म्हणजे आडवी सागवानी सरं, त्यावर फळ्या, त्यावर पाचोळा आणि वर वीतभर पांढरी माती. मराठवाड्यात ज्यांनी माळवदाखाली दिवस काढलेत त्यांना पांढरीचं मोल सांगावं लागत नाही. काळी माती उन्हाने भेगाळते आणि पावसाला घरात वाट देते. पांढरी बसली की बसली, पाणी आत येऊ देत नाही. पण दर साली थोडी वाहून जाते, म्हणून दर साली मृगाच्या आधी माळवदावर नवी पांढरी पडायची. ती यायची बुरुजाच्या कपारीतून. कपारीतली माती मऊ, खडा नसलेली, पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. गावातल्या बायका एक दिवस ठरवून टोपली, कुदळी घेऊन जायच्या, आणि माझी माय त्यांच्या पुढे असायची. खणायला ती कपारीत सगळ्यांत आत बसायची, कारण आतली माती जास्त चांगली असं तिचं मत होतं, आणि मायचं मत सहसा कुणी मोडत नसे.

त्या दिवशी घरी धपाटे व्हायचे, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि मडक्यातलं घट्ट दही. दुपारी बायका आमच्याच ओसरीवर जेवायच्या. त्यांच्या केसांवर, पापण्यांवर पांढरी बसलेली असायची आणि एकमेकींकडे बघून त्या हसायच्या, की एका सकाळीतच म्हाताऱ्या झालो. मग संध्याकाळपर्यंत गावभर माती ठोकायच्या लाकडी धुमसाचा आवाज. वर माळवदावर अण्णा, म्हणजे माझे वडील, धुमस आपटतायत, खाली भांड्यांवर बारीक माती गळतेय, आणि माय ओरडतेय, "आवो, हळू! कढीत पडून राह्यली!" आज माझ्या घरावर सिमेंटचा स्लॅब आहे. तो गळतही नाही आणि आवाजही करत नाही. त्याच्याविषयी लिहिण्यासारखं माझ्यापाशी काही नाही.

नववीच्या उन्हाळी सुट्टीत सरांनी काम दिलं, गावातल्या एका जुन्या गोष्टीचा इतिहास लिहून आणा. सगळ्यांनी मारुती घेतला, कारण मारुतीविषयी काहीही लिहिलं तरी चालतं. मी बुरूज घेतला. वही घेऊन नानांच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी सांगितलं ते सगळं उतरवलं. मग माझ्यातल्या खोडीने डोकं वर काढलं. पुढे मी आयुष्यभर गणित शिकवलं, इतिहास नव्हे, ते उगीच नाही. गोळा केवढा, भोक केवढं, हे मोजावं म्हणून मी दोरी घेऊन बुरुजाकडे गेले. गोळा घागरीएवढा. कपारीत आमची बैलजोडी उभी राहिली असती. आणि आतल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत कुदळीच्या फाळाचे ओरखडे. जुने, नवे, एकावर एक.

मी घरी येऊन मायला विचारलं, "तू लग्न होऊन आलीस तेव्हा कपार केवढी होती?"

ती भाकरी थापत होती. "मी आल्ते तव्हा? एकीनं वाकून आत जायचं. दुसरीला जागाच न्हवती. आता चौघी बसतो आन् पाचवी टोपलं उचलती."

"मग एवढी मोठी कुणी केली?"

"कुनी म्हंजी? गोळ्यानं."

"गोळा काय दर साली येऊन राह्यला का, माय?"

तिने परातीतला हात थांबवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून बाहेर गेले.

खरं तर मी चेष्टाच करत होते. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तेव्हा चेष्टा सुचली नाही. कपारीच्या वर, मातीच्या गोलात, एक भेग होती. घाणेरीच्या मुळांआड लपलेली, पार वरपर्यंत गेलेली. आमच्याकडे भिंतीला भेग पडली की माय तिच्यावर शेणमातीचा हात द्यायची. पंजा आडवा ओढून लिंपायचा आणि आठ दिवस बघायचं. हात अखंड राहिला तर भेग जुनी, भिऊ नका. हात मधोमध फाटला तर भिंत चालायला लागली, टेकू द्या. मी पाटीभर शेणमाती कालवून नेली, शिल्लक दगडांवर चढले आणि भेगेवर आडवे तीन हात दिले. पांढरी खणायचा दिवस दहा दिवसांवर होता. सहाव्या दिवशी तिन्ही हात मधोमध फाटलेले होते, सर्वांत वरचा तर असा, की त्यात माझी करंगळी जाईल.

मी भ्यायले. ते स्पष्टच लिहिते, कारण माहेरी गोष्ट सांगताना मला फार धीट दाखवतात. माझ्या डोळ्यांपुढे कपारीत सगळ्यांत आत बसलेली माय आली. पळत घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. ते हसले. "तोफेनं न्हाई पडला, तो तुह्या मायच्या कुदळीनं पडंल का?" मायचंही तेच. शेजारपाजारचंही तेच. जिला सांगावं ती बाई तोफेवर येऊन थांबायची, आणि त्यापुढे माझं काही चालेना. तेव्हा मला कळलं, की माझी गाठ बुरुजाशी नाही, हकिगतीशी आहे. हकिगत मागे घेऊ शकेल असा माणूस गावात एकच होता.

नानांनी पहिल्या दिवशी मला ओट्यावरून हाकललं. "काल जन्मली आन् मला बुरूज शिकवती!" दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं आणि मी तशीच त्यांच्या पाठीशी तासभर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांची सून मला म्हणाली, "सुमे, म्हाताऱ्याच्या मागं का लागलीस गं?" मी नानांना म्हटलं, "नाना, तोफ खरी का खोटी, मला न्हाई पाहिजे. परवा माय आत बसणार आहे. सगळ्यांत आत. तुम्ही फक्त एकदा चला आणि हात बघा."

नानांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "शेणाचा हात फाटला?"

"तिन्ही."

त्यांनी काठी घेतली. भर दुपारी, ऊन नुसती आग ओकत असताना, आम्ही दोघं बुरुजापाशी गेलो. नानांनी मान वर करून तिन्ही हात बघितले, मग कपारीत डोकावले. किती वर्षांनी ते आत डोकावले असतील कोण जाणे. हकिगत सांगताना ते नेहमी बाहेरच उभे असायचे. "आरं देवा," ते म्हणाले, "एवढी झाली?" आणि तिथेच गोळोबाशेजारी खाली बसले.

मग त्यांनी मला खरं सांगितलं. निजामाच्या राज्यात एकदा गिरदावर मुक्कामाला आला होता. महसुलाचा मोठा कामगार, गाव त्याला चळचळा कापायचं. त्याने कपार बघितली, तेव्हा ती लहानच होती, आणि विचारलं, की सरकारी बुरूज कुणी खणला? बायका पांढरी नेत होत्या हे सगळ्यांना माहीत. कुणी बोलेना. नाना तेव्हा विशीतले पहिलवान. ते पुढे होऊन म्हणाले, "तोफ लागली, साहेब. जुनी गोष्ट हाय." गिरदावर म्हणाला, जेवण झालं की गोळा दाखव. तो पंगतीला बसला तेवढ्यात नानांनी मारुतीपुढची गोटी, पहिलवान मंडळी ताकद अजमावायला उचलतात तो गोल दगड, एकट्याने खांद्यावर घेतली आणि धावत आणून कपारीत टाकली. गिरदावर खूष होऊन गेला. पुढे कुणी तरी गोटीला शेंदूर लावला.

"बायांवर बालंट येऊ नये म्हनून बोल्लो गं," नाना म्हणाले. "मंग मला लोकं तेच पुन्हा पुन्हा इचारायला लागले. कुस्त्या सुटल्या, पन ही गोष्ट सुटली न्हाई. ज्यांनी खरं पाह्यलं ते एकेक गेले. आता मलाबी कधी कधी वाटतं, की तोफ आल्ती."

मी त्यांना तांब्याभर पाणी आणून दिलं.

ठरलेल्या सकाळी बायका निघाल्या तेव्हा मी मायच्या टोपल्याला धरून चालत होते आणि ती माझा हात झटकत होती. बुरुजापाशी पोचलो आणि सगळ्या जागच्या जागी थांबल्या. खंडूनाना गोळोबावर बसलेले होते. नीट पाय रोवून, शेंदराने धोतर लाल झालेलं, काठी आडवी धरून कपारीचं तोंड अडवलेलं. एका बाईने तोंडाला पदर लावला.

"नाना!" माय ओरडली. "देवावर बसले तुम्ही!"

"देव न्हाई हा," नाना म्हणाले. त्यांचा आवाज हकिगत सांगताना असायचा तसा मुळीच नव्हता. "मारुतीपुढची गोटी हाय. म्या आनून टाकली. तोफ न्हाई, गोळा न्हाई, काय न्हाई. म्या लबाड बोल्लो. हे भोसकं तुमच्या सासवांचं हाय, तुमचं हाय, आन् हा बुरूज आता पडायला आलाय. कुनी आत जायचं न्हाई. जायचंच आसंल तर मला उचलून बाजूला करा."

एवढ्या जाड माणसाला कोण उचलणार? कुणी तरी फिस्सकन हसलं. मला ते हसू अजून टोचतं, कारण नानांनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. माय हसली नाही. ती टोपलं ठेवून दगडांवर चढली आणि फाटलेल्या शेणाच्या हातावर स्वतःचा हात ठेवला. तिची दोन बोटं भेगेत गेली. खाली उतरून तिने टोपलं उचललं, बायकांना एवढंच म्हणाली, "चला गं घरी," आणि पुढे चालू लागली. धपाटे झाले होते, ते आम्ही खाल्ले. ओसरी रिकामी होती. जेवताना माय म्हणाली, "म्हाताऱ्या मानसाला गावापुढं लबाड ठरवलंस. बरं वाटलं?" बरं वाटत नव्हतं. पण पुन्हा तीच वेळ आली असती तर मी पुन्हा तेच केलं असतं, आणि तसं मी तिला सांगितलंही.

त्या पावसाळ्यात गावातली सगळी माळवदं गळली. कुणी काळी माती टाकली, कुणी राख टाकली, आमच्याकडे दोन्ही टाकलं आणि तरी घरात जागोजाग पातेली मांडावी लागली. थेंब पडले, की माय पातेल्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे. "उभाच हाय गं तुहा बुरूज," ती म्हणायची. आषाढ गेला, श्रावण गेला, बुरूज उभाच. शाळेत पोरं मला "भेग" म्हणून हाक मारायला लागली. नानांना तर लहान पोरंही "गोळा आला, गोळा आला" म्हणून चिडवायची आणि पाहुण्यांना कुणी त्यांच्याकडे घेऊन जाईना. सगळ्यांत जास्त गळलं ते त्यांचंच घर. सून बोल बोल बोलायची. नाना मात्र पोतं पांघरून रोज सकाळी बुरुजासमोर, बाभळीखाली, जाऊन बसायचे. कुणी गुपचूप एखादं टोपलं न्यायला आलं, की लांबूनच काठी उगारायचे. शाळेच्या वाटेवर मी त्यांच्यापाशी थांबायची. आम्ही फारसं बोलत नसू. ते मान हलवायचे, मी मान हलवायची, आणि मी पुढे जायची.

पोळा होऊन गेला. भादव्यात चार दिवस झड लागली होती. पाचव्या दिवशी उघडलं, ऊन पडलं, आणि आम्ही शाळेत मधल्या सुट्टीत डबे सोडले तेवढ्यात नदीकडून आवाज आला. मोठा नव्हता. पोत्यावर पोतं टाकल्यासारखा, पण बराच वेळ चाललेला. आम्ही पळत सुटलो. नदीच्या अंगाचा अख्खा अर्धा बुरूज खाली बसला होता आणि वर पांढरी धूळ तरंगत होती. कपार राहिलीच नव्हती. जिथे माय बसायची तिथे घराएवढा ढीग होता. नाना बाभळीखाली उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले.

"आत कुनी व्हतं का?" ते प्रत्येकाला विचारत होते. "कुनी व्हतं का गं?"

"कुणीच नव्हतं, नाना."

"मंग बराबर," ते म्हणाले आणि मटकन खाली बसले. त्यांच्या पांढऱ्या गालांवरून पाण्याच्या दोन रेघा उतरल्या. मीही त्यांच्याजवळ बसून रडले. गाव गोळा झालं. माय आली, ढिगाकडे बघत राहिली, आणि मग भर गर्दीत तिने माझा दंड धरला. धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. दंडावर तिच्या बोटांचे वळ उठले होते.

सरांना मी वही दिली तेव्हा तिच्यात तोफ नव्हती. राखणदार होता, उतार होता, आणि कोणत्या घराच्या माळवदावर बुरूज किती गेला याचा अंदाज होता. सरांनी "विषयांतर" असा शेरा मारला. वही अजून माझ्यापाशी आहे. आणि अर्धा बुरूजही अजून उभा आहे. नदीत पाणी कमी आणि वाळू जास्त, पण तो तिकडेच बघत असतो.

पुढच्या वैशाखात ढीग वाळून कोरडा खडखडीत झाला होता. उघड्यावर पडलेली, चाळल्यासारखी मऊ माती, वर काही पडायची भीती नाही. तरी कुणी पहिली कुदळ घालेना. बायका टोपली काखेला मारून उभ्या होत्या. माय पुढे आली. जिचं मत कुणी मोडत नसे ती माझी माय माझ्याकडे वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "घेऊ का गं?"

"घे," मी म्हटलं.

तिने टोपलं शिगोशीग भरलं, डोक्यावर घेतलं आणि आमच्या घराच्या वाटेला न लागता सरळ नानांच्या दाराशी गेली. मी मागोमाग होते. सुनेला काही न विचारता ती शिडीवरून माळवदावर चढली आणि टोपलं रितं केलं. खाली नाना बाजेवर पडलेले होते.

"कोन हाय वर?" त्यांनी विचारलं.

"मी हाय, नाना," माय वरून म्हणाली. "बुरूज आनलाय."